खुडूक

पिंजरा लावायला गेलो तेव्हा
चैत्र अर्ध्यावर आला होता,
भांडुपच्या मिठागरात पाणी आटून
कडेकडेने पांढरं होत चाललं होतं.
सोसायटीचे हट्टंगडी म्हणाले, लवकर उरका.
रात्रभर कोल्हेकुई, पोरं दचकून उठतात,
बी विंगच्या मांजराचं नुसतं शेपूट सापडलं.
मी मान डोलावली.
माझं कामच ते. दर पिंजऱ्यामागे पैसे.

कोल्हा काकडीला राजी, म्हणतात.
इथे काकडीचा मळा कुठला?
तिवरांच्या मुळांत अडकलेले
बिर्याणीचे डबे, डायपर,
आणि बांधाच्या अलीकडे पदूबाईच्या कोंबड्या.
सात गेल्या. सातही तिने मोजून दाखवल्या,
म्हणजे पिसं.

पहाटे साडेपाचला दार पडलेलं.
आत ती.
गुरगुरली नाही.
बॅटरीच्या उजेडात आधी डोळे दिसले,
मग पोट:
भोवतीचे केस झडून उघडी पडलेली आचळं,
ओली. एकाच्या टोकाशी थेंब
तयार होऊन थांबलेला.

फॉर्मवर रकाने आहेत.
नर की मादी. अंदाजे वय. जखम असल्यास.
पिसाळल्याची लक्षणं.
दुधाचा रकाना नाही.
साहेबांना फोन लावला.
ते म्हणाले, आता काय मुहूर्त बघून पकडायचे?
तक्रार आहे ना? मग झालं.

बांधाच्या पोटात कुठेतरी असतील,
चार किंवा पाच,
डोळे न उघडलेली.
दुपारी उधाण होतं.

बाप माझा तुर्भ्याचा कोळी.
पावसाळ्यात होडी ओढून ठेवायचा,
म्हणायचा, मासळी पोटुशी असते,
दर्याला दोन महिने एकटं सोडावं.
आणि त्याच्याच ताटात मी गाबोळी पाहिली आहे,
तळलेली, वर लिंबू पिळलेली.
बोटं मीही चाटली आहेत.
त्यामुळे फार शहाणपण सांगत नाही.

उजाडताना पदूबाई आली.
मी म्हणालो, दूध आहे तिला.
ती गुडघ्यांवर हात ठेवून वाकली,
बराच वेळ बघत राहिली.
मला वाटलं, आता म्हणेल, सोड.
म्हणाली,
"माजी सातवी कोंबरीपन खुरूक व्हती.
अकरा अंडी व्हती तिच्याखाली.
तवा कोन आला व्हता बॅटरी घेऊन?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
अजूनही नाही.

पिंजरा दोघांनी उचलायचा असतो.
मी एकट्याने फरफटत नेला
खारट चिखलातून, तिवरांच्या तोंडापर्यंत,
आणि दार वर केलं.
ती लगेच गेली नाही.
दाराची चौकट हुंगली, एक पाय बाहेर,
पुन्हा आत,
मग गेली.
मी ज्या बांधाकडे बघत होतो
त्याच्या नेमकी उलट दिशेला.

गोष्टींमध्ये लबाड कोल्हा असतो.
फॉर्मवर मी लिहिलं: पिंजरा रिकामा.

संध्याकाळी पदूबाईला पैसे द्यायला गेलो.
सहा कोंबड्यांचे घेतले,
थुंकी लावून मोजले, कनवटीला खोचले.
सातवीचे परत केले.
का, ते सांगितलं नाही.
चुलीजवळ टोपलीत अंडी तशीच होती,
खाली भुसा, वर फडकं.
त्याबद्दल मीही विचारलं नाही.

ज्येष्ठात हट्टंगडींचा पुन्हा फोन.
ओरडणं वाढलंय,
आता त्यात बारीक आवाजही आहेत.
किती? मी पटकन विचारलं.
ते म्हणाले, मोजत थोडाच बसलोय मी!

पिंजरा धुऊन ठेवला आहे.
दाराच्या स्प्रिंगला तेल घातलं आहे.
आज ना उद्या लावावा लागेलच.
पदूबाईने नव्या कोंबड्या आणल्यात,
त्यातली एक आतापासूनच
कोपरा धरून बसते.