पौषातली सुट्टी

मांडे बाकीचे लोक मनात खातात,
बेळगावात ते पानात पडतात,
उलट्या मडक्यावर भाजलेले, रुमालासारखे घडी घातलेले.
आमची पंगत बसेपर्यंत मात्र
परातीत पिठीसाखरेचा धुरळा उरतो
आणि वाढपी म्हणतो, "फोटोवाले, उशीर केलासा की."

सतरा वर्षं आम्ही उशीर करतोय, मी आणि अडिवेप्पा.
ओमनीची मागची सीट काढून तिथं छत्र्या, स्टँड
आणि एक मोडकं स्टूल, ज्याच्यावर चढून
सगळं घराणं एका चौकटीत बसवायचं.
निपाणीला मी ओरडतो, "हसा की हो जरा!"
हुक्केरीला तो ओरडतो, "स्वल्प नग्री!"
संकेश्वरात दोघंही ओरडतो,
मग अर्धं वऱ्हाड आधी हसतं, अर्धं नंतर,
आणि मधेच कुठंतरी मी बटण दाबतो.

यमकनमर्डीला अल्बमवर नावं कुठल्या लिपीत
यावरून दोन मामा जेवायचे थांबले.
अडिवेप्पानं कव्हरवर
नवरीच्या हातातला नारळ छापला, अक्षर एकही नाही.
दोन्ही मामांनी पैसे वेळेवर दिले.
असं धंद्यात पुन्हा झालं नाही.

ऐनापूरचा एक बाप, पाठवणी झाल्यावर
मंडपात एकटाच उभा.
म्हणाला, "खुर्च्यांचा एक काढा.
भाड्याच्या आहेत. मोजायला बरं."
मी काढला. त्यानं मोजल्या नाहीत.

रात्री दोनला हत्तरगीच्या टोलपुढं गाडी लावून
निंगव्वानं बांधून दिलेल्या भाकरी सोडायच्या.
चटणीला तो गुरेळ्ळ म्हणतो, मी कारळं.
ती आमचं दोघांचंही ऐकत नाही,
सरळ नाकात जाते.

पौषात मुहूर्त नसतो.
कॅमेरे कपाटात, किल्ली निंगव्वाकडं,
आणि आम्ही गोकाकला.
धबधबा त्या दिवशी
विहिरीवर विसरलेल्या दोरासारखा
एका कडेनं लोंबत होता, बाकी नुसता खडक.
"पाणीबी सुट्टीवर," अडिवेप्पा म्हणाला,
मग करदंटाचा डिंक दाढेत बसला
आणि पाऊण तास तो काही म्हणाला नाही.

झुलत्या पुलावर मार्गशीर्षातलं एक जोडपं.
हिरवा चुडा अजून नवा वाजत होता.
तिनं फोन पुढं केला, "अण्णा, एक काढता?"
झालं. सुट्टी संपली.
"हनुवटी खाली. खांदा सैल सोडा, भावजी.
श्वास सोडा. तिच्याकडं नको, पाण्याकडं बघा."
"पाणी कुठाय?" तो म्हणाला, ती हसली,
तेवढ्यात अडिवेप्पानं काढला.

तिनं बघितला, परत बघितला.
"तुम्हाला येतंय की! उभारा आता तुम्ही दोघं."

आम्ही उभारलो.
हजारो माणसांना हात कुठं ठेवायचा सांगितलेला अडिवेप्पा
माझ्या खांद्यावर ठेवून बघू लागला,
काढला, खिशात घातला,
शेवटी त्यानं पुलाची तार धरली.
मी पोट आत घेतलं.
समोर त्या पोरीचा एक डोळा मिटलेला, जीभ ओठावर,
तसं फोटो काढताना मीही करतो म्हणे.

घटप्रभा ओलांडल्यावर लक्षात आलं,
फोटो तिच्याच फोनमध्ये राहिला.
नंबर घेतला होता तिनं. "पाठवते," म्हणाली होती.
गाव विचारलं नव्हतं. बोलण्यावरून अथणीकडची असेल.

आता चैत्र लागला. नाही आला.
अडिवेप्पा रोज विचारतो, मग विचारलं नाही असं दाखवतो.
मला राग नाही.
आठ दिवसांत देतो म्हणून आम्ही किती घरं तंगवलीत.
परवा जुनी हार्डडिस्क लावली
तर ऐनापूरच्या खुर्च्या अजून तिथंच,
दिलेल्याच नाहीत.
मोजल्या. एकशे ब्याऐंशी.
एक उलटी पडलेली.