नाव

या शहराच्या नावाचा अर्थ होतो नाव.
लिहितात लोद्झ, म्हणतात वूच,
आणि नदी कुठे विचारलं
तर पायाखाली बोट दाखवतात:
गिरण्यांनी ती कधीच गाडून टाकली.

सूत रंगवायच्या तळघरात मिरोनचा क्लब.
मी त्याची पोस्टरं चिकटवायचो,
बादलीत खळ, हातमोजे फाटके.
पोस्टरवर बर्लिनचा कुणीतरी डीजे,
काळा चष्मा, उपाशी चेहरा.
लोक यायचे, त्याला मोबाइलमध्ये भरून न्यायचे,
आणि पुढच्या शुक्रवारी
गळक्या नळाचा ठिबकाही ऐकू यायचा.

जानेवारीत गाडी बर्फात अडकली. डीजे आलाच नाही.
मिरोन दाराशी, पैसे परत द्यायला उभा,
तेवढ्यात आत सेवेरिननं, ट्राम चालवतो तो,
लोखंडी खांबावर चमच्यानं ठेका धरला.
दुपारपाळी संपवून आलेली इगा
दवाखान्यातले पांढरे बूट घालूनच मध्ये उतरली.
मग कोण कुणाचा, कुणाचा हात कुणाच्या खांद्यावर,
भिंतीत मुरलेला जुना निळा रंग
वाफेनं सुटून आमच्या पाठींना लागला.
पैसे मागायला कुणी आलं नाही.

कोट सांभाळणाऱ्या ग्राझिनाकडे बिल्ल्यांची वही.
तिच्यात एकेचाळीस नावं.
मिरोननं ती तशीच्या तशी छापली, मोठ्या अक्षरांत,
वर एकच ओळ:
मागचा शुक्रवार यांनी केला.

पहाटे चारला मी ती चिकटवली.
सातला थांब्यावर ही गर्दी,
शाळेच्या फळ्यावर निकाल लागावा
तशी बोटं नावांवरून फिरत होती.
बोगुमिल तेवढा चिडून आला,
बायकोला त्यानं ओव्हरटाइम सांगितला होता.
पुढच्या शुक्रवारी तीही आली.
त्याच्यापेक्षा बरी नाचते.

मार्चमध्ये मिरोनला हिशेब सुचला:
कार्ड काढू, दहाव्या खेपेला बिअर फुकट,
माणसं बांधली जातील.
ग्राझिना दातानं दोरा तोडत म्हणाली,
बांध की. गुरंच आहेत ना.

तिच्या मांडीवर सेवेरिनचा कोट होता,
मानेमागची अडकवायची पट्टी तुटलेली.
सगळा हिवाळा तो कॉलरवरच टांगत आला होता.
आत ठेका चढत गेला
आणि बाहेर तिची सुई, तिच्याच चालीनं.
जाताना त्यानं कोट चढवला,
टोपी शोधली,
तिला नेहमीसारखं शुभरात्री म्हणाला, गेला.

सोमवारी म्हणे ट्रामच्या केबिनमध्ये
खुंटीपाशी त्याचा हात थांबला.
सिग्नल हिरवा होऊन पुन्हा लाल झाला.
मागच्या ट्रामनं घंटा बडवली
तरी गाडी
दोन मिनिटं हलली नाही.