रात्री पाहावं

विल्फ बॅरक्लफ गेला, आणि त्याच्या मुलीनं
आमच्या सामाईक भिंतीला वळसा घालून
टाकी माझ्या ओट्यावर आणून ठेवली.
"लीड्सच्या फ्लॅटमध्ये नाही जमणार," म्हणाली.
पाणी अर्धं बादलीत, अर्धं तिच्या बुटांत.
सोबत एक वही.

हॅलिफॅक्सच्या सुताराची वही:
जाड पेन्सिल, चौकोनी अक्षर,
प्रत्येक माशाचं लॅटिन नाव, किंमत पेनीपर्यंत,
आणल्याची तारीख, मेल्याची तारीख.
फक्त एकापुढे प्रश्नचिन्ह.
पाणवनस्पतींच्या पिशवीतून फुकट आला होता म्हणे.
पेरभर, तपकिरी,
डोळ्यापासून शेपटीपर्यंत काळी रेघ,
पट्टी लावून मारल्यासारखी.

चार वर्षं विल्फ त्याला ओळखत बसला.
खोडलेली नावं अकरा.
"पाठीवरच्या परामागे आणखी एक इवला पर आहे का?
असल्यास पान नऊ. नसल्यास पान चौदा."
पान नऊवर: आहे.
पान चौदावर, वर्षभरानं: नाही. चष्मा बदलला.

मीही भिंग घेतलं.
इस्पितळाच्या लॅबमध्ये मी रात्रभर पेशी मोजते,
बोटाखाली काउंटर,
तिथे माझा हात सहसा चुकत नाही.
इथे पराच्या काड्या मोजल्या: आठ.
मग दहा.
मग तो वळला.
पाण्यात टांगून ठेवल्यासारखा स्थिर राहायचा
आणि आकडा जुळत आला की
सुई टोचल्यासारखा पुढे.

फेब्रुवारीत एकदा शिफ्ट लवकर सुटली.
पहाटेचे चार, दारात बर्फाचा चिखल.
दिवा न लावता किटली शोधताना
मोबाइलचा उजेड टाकीवर पडला,
आणि तो मासा तिथे नव्हता.
दुसराच कुणी होता. रेघ पुसलेली,
कुशीवर काळे डाग, कुणी अंगठा टेकवल्यासारखे.
मी सगळे मासे मोजले. तेवढेच.
खुर्ची ओढून, कोट न काढता, बसून राहिले.
उजाडलं तशी रेघ परत आली,
आधी डोळ्याजवळ.

वाचनालयातल्या जुन्या पुस्तकात चार ओळी मिळाल्या:
पेन्सिल फिश. अंधारात पट्टा जातो, डाग येतात.
आणि तो इवला पर
काहींना असतो, काहींना नसतो.
म्हणजे नऊ काय, चौदा काय,
कुठलंच पान विल्फला पोचवणार नव्हतं.

पेन्सिल फिश!
आणि कानामागे सदोदित पेन्सिल खोचलेला हा माणूस
नवाच्या ठोक्याला झोपणारा.
टाकीचा दिवा तो स्वतः मालवायचा,
आणि मासा त्याची पाठ वळायची वाट बघून
कपडे बदलायचा.

या कुळात भावंडं बरीच. त्यातला हा कोणता,
अजून नक्की नाही.
प्रश्नचिन्ह मी खोडलं नाही.
खाली, त्याच्याच बोथट पेन्सिलीनं,
मराठीत, कारण पहाटे मला तेवढंच सुचतं,
लिहिलं: रात्री पाहावं.

मग लक्षात आलं, हे त्याला
तेव्हाही वाचता आलं नसतं.
किटली टक् करून बंद झाली.