बरणी क्रमांक सदतीस

अमळनेरच्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या मागल्या खोलीत,
घोणस आणि दोन तोंडांचं वासरू यांच्या मध्ये
ती बसून आहे, माझ्या नोकरीपेक्षा जुनी.
लेबल कसरीने खाल्लंय. उरलंय एवढंच:
"…गिरी, ओहो…"
आणि एक सही, जी कुणाचीच वाटत नाही.

प्रॅक्टिकलला दरवर्षी तिला मांडतो.
ओळखा व टिपण लिहा, गुण दोन.
पोरं लिहितात जळू. लिहितात यकृत.
एकाने लिहिलं होतं, "आमसूल, खराब झालेलं."
त्याला अर्धा गुण दिला, निरीक्षणाचा.

यंदा मार्च सरता सरता पत्र आलं:
संग्रहातल्या प्रत्येक नमुन्याचं नाव कळवा.
मग भिंग काढलं, आणि ते जुनं, पायऱ्यापायऱ्यांचं पुस्तक.

शंख आहे? नाही. चारवर जा.
पाठीवर बोटांसारखे झुबके? नाही. नऊवर जा.
डोक्याशी दोन शिंगं, खोबणीत मिटणारी?
खोबणी आहेत. शिंगं आत ओढलेली,
फॉर्मॅलिनचा पहिला थेंब लागला तेव्हाच बहुतेक.
मागे, गुदाभोवती, कल्ल्यांचं वर्तुळ?
गुंजा पावरा, तिसऱ्या वर्षाची, टेबलावर वाकून म्हणाली,
"करडईचं फूल, सर. सुकलेलं."
हो. बारावर जा.

बारा विचारते: जिवंतपणी रंग कोणता?

बाहेर बेचाळीस अंश.
बरणीतल्या अंगाला आता रंग आहे तो
भाजलेल्या वांग्याच्या गराचा, साल काढल्यावरचा.
गुंजा म्हणाली, केळफुलासारखी असेल.
का, विचारलं तर खांदे उडवले.
आणि सुपडू अण्णा, झाडू टेकवून, दारातूनच:
"मी लागनू तवय पिवयी व्हती थोडी."
अण्णा लागले त्याला सव्वीस वर्षं झाली.
थोडं थांबून, नजर फरशीवर:
"फॉर्मॅलिन सरनं का मी नयनं पानी टाकस."

सव्वीस वर्षं, नळाचं पाणी.
रागवायचं होतं. जमलं नाही.
आमच्या नळाला तापी येते,
आणि तापी, न विचारता, सुरतेपलीकडे खारट होते.

बुडाशी चिमूटभर काळी कच होती.
अण्णांनी ती बोटांत चोळली, उजेडात धरली.
"हाऊ ते आपलाच दगड."
तोच. विहीर खणताना सुरुंगाने निघतो तो.
तिकडे त्यावर लाट फुटते,
इकडे त्यावर बायका पापड वाळवतात.

"ओहोटी म्हंजे? कथं जास पानी?"
मी सांगितलं, बोरीचं जातं तसंच,
फक्त परत येतं. दिवसातून दोनदा.
अण्णा हसले. थट्टा वाटली असावी.

पुस्तक म्हणतं, खात्री हवी तर तोंड उघडा,
जिभेवरच्या दातांच्या ओळी मोजा.
ब्लेड होतं. गुंजाने ट्रेसुद्धा आणला.
मी ब्लेड पुसलं आणि परत कागदात गुंडाळलं.

नवं लेबल लिहिलं, शाईने, दोनदा खोडून:
समुद्री गोगलगाय, शंख नसलेली, डोरिड गटातली.
जात: ठरली नाही.
ठिकाण: खडकाळ किनारा, काळा दगड,
ओहोटीत उघडी पडणारी डबकी, बहुधा स्पंजाच्या आसऱ्याने.
रंग: पिवळा (श्री. सुपडू धोंडू महाजन यांच्या आठवणीवरून).

अण्णांनी आपलं नाव बोटाखाली घेऊन वाचलं,
पुन्हा वाचलं, मग डिंक लावला.
बरणी पुसली. कपाटात ठेवताना
तिचं तोंड खिडकीकडे केलं, समुद्राच्या बाजूला.

खिडकी पूर्वेला आहे.
मी काही बोललो नाही.