आलं का ओ?

पहिलं चित्र मी बघितलंच नाही.
मी कौलांवर होतो, बेळगुंदीत, शट्टुप्पा कणबरकरांच्या,
एक पाय पन्हाळीत, एक मंगळुरी कौलावर,
हातात बांबू, आणि बांबूच्या टोकाला
माशाच्या काट्यासारखी अँटेना.

खालून शट्टुप्पा : "कोल्हापूरकडं कर तोंड!"
शेजारचे बसलिंगप्पा : "धारवाडकडं तिरुगिसो!"
"आलं का ओ?"
"मुंग्या!"
"आता?"
"मुंग्याच. खरं मोठ्या झाल्या!"

वेशीवरची पाटी कुठल्या अक्षरात
यावर गावानं तेव्हा दोन वर्षं डांबर संपवलं होतं.
नुसता बांबू फिरवला
तरी कुणाच्या तरी दाराकडं पाठ व्हायची.

माझा उस्ताद मोनाप्पा मेस्त्री
अंगणात विडी विझवत म्हणाला,
"टॉवर बेळगावात बसवलाय. उगवतीला.
आणि त्याच्या पोटात दिल्ली आहे.
काय भांडायचं ते भांडा, बांबू तिकडं धरा."

उगवतीला धरला. आलं.
आधी आवाज, मग एक बाई, सरळ भांग,
धुऊन इस्त्री केलेलं हिंदी.
शट्टुप्पा आणि बसलिंगप्पा एकाच चटईवर
एकमेकांना विचारत होते, "काय म्हणाली?"
मी वरूनच ऐकलं. पन्हाळीत पाय बधिर झाला होता.

त्यानंतर तीनचार वर्षांनी, रविवार, दुपार.
मी फ्यूज बदलायला गेलो होतो.
शट्टुप्पांची बहीण निलव्वा, जन्मापासून बहिरी,
परसात रताळी धूत होती.
सेट लागला, तर एक बाई
हातांनी बातम्या सांगत होती.

निलव्वा दारात आली. कोपरापर्यंत लाल माती.
त्या खुणा तिला कुणी शिकवल्या नव्हत्या.
तिच्या खुणा घरच्या :
मिशीवरून बोट म्हणजे भाऊ,
गालावर मूठ म्हणजे दाढदुखी, आणि शेजारची गंगव्वासुद्धा.
किती कळलं असेल? मला वाटतं, काहीच नाही.
ती सेटसमोर बसली
आणि ओल्या हातांनी
त्या बाईला काहीतरी विचारलं.
मग थांबली.
माणूस माणसापुढं थांबतो तशी.

शट्टुप्पा म्हणाले, "वेडी आहे."
म्हणाले, खरं सेट बंद केला नाही.

पुढच्या रविवारी वारा होता, पुन्हा मुंग्या.
निलव्वा स्वतः माझ्या घरी आली,
डोक्यावर मूठ धरली, जरा डावीकडं फिरवली.
मी शिडी उचलली.

आता अँटेनेच्या नळीवर कुणाचा वेल चढतो.
मोनाप्पा गेला. माझं दुकान मोबाईलच्या काचा बदलतं.
परवा गणपत गल्लीत, रताळ्यांच्या ढिगामागं
एक म्हातारी बसली होती.
मला बघून तिनं डोक्यावर मूठ धरली,
जरा डावीकडं फिरवली,
आणि शेजारणीला माझ्याकडं बोट दाखवलं.

चाळीस वर्षं मला वाटत होतं,
ते काम सांगणं होतं.
ते माझं नाव होतं.

मी गर्दीत उभा राहून म्हणालो,
"आलं."