आतून न उघडणारं दार

मे महिन्यापासून अल्टोचं डावं दार
फक्त बाहेरून उघडायचं.
बाजारात, बँकेत, मालवणला डोळ्यांच्या डॉक्टरकडे,
मी उतरून वळसा घालून येईपर्यंत
बाबा काचेआड बसून राहायचे.
चाळीस वर्षं रापण ओढलेला माणूस,
मांडीवर छत्री.

रविवारी अंगणात दार सोलायला घेतलं.
स्क्रू गंजून एकजीव झालेले. रॉकेल पाजलं,
तासभर वाट पाहिली.
अस्तराची दोन बटणं कटकन मोडली,
ती मी पायाखाली लपवली.
आत सर्जेकोटची वाळू,
मिठाची पांढरी बुरशी
आणि आईच्या हिरव्या बांगडीचा तुकडा.
बाबांनी तो खिशात टाकला, बोलले काही नाहीत.

कडीपासून कुलपापर्यंत जाणाऱ्या दांडीची
क्लिप तुटली होती, एवढंच.
कणकवलीचा दुकानदार फोनवर म्हणाला,
"ऑर्डर करूची लागतली. आठ दिस जातले."
"माका दी गे," बाबा म्हणाले.
जाळ्याचं सूत दातांनी तोडलं,
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
बोटांनीच बघत गाठ मारली,
थुंकी लावली, ओढली,
पुन्हा ओढली.

मग आत बसून
उघड, मीट, उघड, मीट.
मोंडकरांचा कुत्रा कंटाळून उठून गेला.

मंगळवारी दवाखान्यासमोर गाडी थांबवली.
बाबांचा हात कडीवर.
मी सवयीने अर्ध्या वळशात, बॉनेटपाशी पोचलेली.
काचेतून आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
त्यांनी कडीवरचा हात काढला,
छत्रीवर ठेवला.