जमेल ते लिहून मिळेल

मासिकाचे पैसे पुढच्या आठवड्यात येणार होते.
तो आठवडा तिबिलिसीत अजून उजाडलेला नाही.
म्हणून सातव्या मजल्यावरून पायऱ्या उतरत आले.
आमच्या लिफ्टला नाणं लागतं,
आणि नाणं असतं तर
खाली कशाला आले असते?

एतेरीच्या किराणा दुकानाच्या काचेवर
कागद डकवला: जमेल ते लिहून मिळेल.
"जमेल म्हणजे काय काय?" तिने विचारलं.
"तेच तर बघायचंय."

पहिलं काम लिफ्टचंच निघालं.
नाण्यांच्या डब्यात कुणीतरी बटणं टाकत होतं,
सेक्रेटरीला कडक शब्दांत पाटी हवी होती.
मी लिहिलं:
"सापडलेली बटणं दुसऱ्या मजल्यावर
मानाना शिंपिणीकडे ठेवली आहेत.
ओळख पटवून घेऊन जावीत."
मोबदला, महिनाभर फुकट ये-जा.
पंधरा वर्षं लिहितेय,
लेखनाने मला वर नेलं ते हे असं.

मग काखेतीतल्या दोन भावांची वाइन.
बाटली पाठवली नाही, लेबलाची मापं तेवढी पाठवली.
चार बाय सहात मी
ओली अक्रोडाची साल बसवली,
आणि धुरात राहिलेलं जर्दाळू.
महिन्याने दुकानात एक गृहस्थ
ग्लासात नाक घालून बायकोला म्हणाले,
"जर्दाळू. पण धुरातलं."
मी मान खाली घालून मीठ घेतलं.

गॅसच्या बिलावरून तक्रार लिहून दिली एका म्हातारबुवांना.
तिला उत्तर द्यायला गॅस कचेरीतला कारकून
माझ्याकडेच आला. काच वाचून.
तीन पत्रं इकडून, तीन तिकडून,
दोघेही म्हणायचे, समोरच्याला चांगलं सुनावलंत.
सातव्या पत्रात मला दोघांची दया आली
आणि मी समेट केला.
धंद्यात खोट खाल्ली ती तिथे.

गोदेर्दी मिनीबस चालवतो. बोलतो थांब्यापुरतं.
मुलीच्या लग्नात बापाने उठून
चार शब्द बोलावे लागतात आमच्याकडे,
आणि चार म्हणजे चारशे.
"ऐंशी लारी देतो," तो म्हणाला.
"लहानपणी कशी होती तिनातिन?"
बराच वेळ टोपी फिरवली.
"इंजिनाच्या झाकणावर बसायची, माझ्याशेजारी.
सुटे पैसे मोजायची."
"आणखी?"
"आणखी काय?"

दीड पान झालं.
द्राक्षवेल घातली, डोंगरावरचं ऊन घातलं,
इंजिनाची ऊब घातली, ती मात्र खरी होती.
जेवणही पैशांत धरलेलं,
म्हणून मी दाराजवळच्या खुर्चीत, वांग्याची ताटली पुढ्यात,
आपल्याच ओळींची वाट बघत.

तमादाने खूण केली.
गोदेर्दी उठला, हातात शिंगाचा पेला.
दुसऱ्या हाताने खिसा चाचपला. कागद होता.
काढला नाही.
दोनशे माणसं, काटा-चमचा वाजेना.
"तिनातिन," तो म्हणाला,
"सुट्ट्या पैशांत कधी चुकली नाही."
पेला रिकामा केला आणि बसला.

आधी कुणाला कळलंच नाही की संपलं.
मग नवरीने चादरीच्या टोकाने डोळे पुसले,
टेबलावरच्या, काजळासकट.

दुसऱ्या दिवशी दारात हजर, कापडी पिशवी घेऊन.
"निम्मे द्या," मी म्हटलं, "माझं काही बोलला नाहीत."
"पाठ केलं होतं," तो म्हणाला. "आठ दिवस, गाडी चालवताना.
एवढं सगळं समोर होतं
म्हणून तर कळलं, काय गाळायचं."
असा संपादक मला
कुठल्याच मासिकात भेटला नाही.

रात्री पिशवी ओतली. सगळी गाडीची चिल्लर.
दोनदा मोजली, तिसऱ्यांदा दिव्याखाली.
एकोणऐंशी लारी
आणि चार भोकांचं एक तपकिरी बटण.

बरोबरच आहे.
मोजणारी आता सासरी.